बॉनेटवरचा गोल

गाडीला हात लावायचा तर आधी हात धुवावेत, हे मला विश्वनाथअप्पांनी शिकवलं. शिरूर कासारला त्यांचं किराणा दुकान, दुकानाला लागून पत्र्याची शेड आणि शेडमध्ये त्यांची पांढरी गाडी. शेडच्या तोंडाशी रांजण, त्यावर पितळी तांब्या. गाडीत बसायला आलेला माणूस कुणीही असो, अप्पा तांब्या भरून त्याच्यापुढं धरायचे. उन्हातून आलेल्या माणसाला वाटायचं प्यायला दिलंय. तो घटाघटा पिऊन टाकायचा. अप्पा दुसरा तांब्या भरायचे आणि म्हणायचे, "आता हात."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही पाणी पिऊन मोकळा झालो होतो.

अप्पा तेव्हा साठी ओलांडलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट आणि डाव्या खांद्यावर दोन फडकी. एक स्वतःचा घाम पुसायला, दुसरं गाडीला. दोन्हींची अदलाबदल कधी होत नसे. गाडीचं फडकं म्हणजे काकूंच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. काकू सांगायच्या, साडी घ्यायला गेलं की हे काठ बघत नाहीत, पदर बघत नाहीत, नुसतं पोत चिमटीत धरून बघतात; फाटल्यावर गाडीला कशी होईल एवढाच त्यांचा विचार. अप्पा ते ऐकून हसायचे, पण खोटं आहे असं कधी म्हणाले नाहीत. रोज सकाळी पूजा झाली की ते विभूतीचं बोट गाडीला लावायचे, तेही आत, स्टिअरिंगच्या मागं. बाहेर पत्र्याला लावायचे नाहीत. देवाची असली तरी ती राखच, घासली की ओरखडा पडणार, असं त्यांचं म्हणणं.

माझं नाव दत्ता. लग्नाचं शूटिंग करतो. ऊसतोडीला गेलेली घरं उन्हाळ्याच्या तोंडावर परतली की आमच्याकडं लग्नांची गर्दी उडते, आणि ओळखीच्या घरचं लग्न असलं की नवरदेवाची गाडी अप्पांचीच, चालवायलाही अप्पाच. त्याच सुमाराला एक नवीन खूळ आलं होतं. नवरदेव गाडीत बसून निघालाय, फेट्याचा तुरा हलतोय, आणि हे सगळं समोरून, चालत्या गाडीच्या पुढून दिसलं पाहिजे. त्यासाठी मी तीन रबरी वाट्यांचा एक स्टँड मागवला. वाटी काचेवर नाहीतर पत्र्यावर दाबायची, आतली हवा निघून जाते आणि ती घट्ट धरून बसते. वर कॅमेरा. तो स्टँड घेऊन मी अप्पांकडं गेलो.

अप्पांनी तो उलटापालटा करून पाहिला. मग दुकानातल्या बिस्किटांच्या कपाटाच्या काचेवर बसवायला सांगितला. मी बसवला. त्यांनी तराजूतलं दोन किलोचं लोखंडी वजन सुतळीनं त्याला टांगलं, खाली बारदाना दुमडून ठेवला आणि ते गिऱ्हाईक बघायला लागले. मला म्हणाले, दुकान बंद करेस्तोवर राहिलं तर गाडीचं बोलू. साडेतीनच्या सुमारास धप्पकन आवाज झाला. अप्पा शेंगदाणे मोजत होते, त्यांनी मान वळवली नाही.

"पडलं का?"

"पडलं, अप्पा."

"आता कावून पडलं ते शोध."

ते शोधायला तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी काच मी पुसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पुसली ती कोरडी. दुपारी काच तापली की रबर ढिलं पडतं हे मला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवलेला स्टँड दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडेपर्यंत टिकला, तेव्हा अप्पांनी तांब्या भरला.

गाडीवर कॅमेरा बसवायची त्यांची एक रीतच ठरून गेली. आमच्याकडची धूळ म्हणजे नुसती धूळ नसते, मुरमाची कच असते तिच्यात. म्हणून आधी वरून पाणी सोडायचं, कच वाहून जाऊ द्यायची आणि मगच ओलं फडकं फिरवायचं, तेही एकाच दिशेनं. गाडी सावलीत उभी करायची. पत्र्यावर उलटा हात ठेवता आला पाहिजे, चटका बसला तर थांबायचं. काचेवर भागत असेल तर रंगाला हात लावायचा नाही. वाटीची कड ओल्या बोटानं पुसून दाबायची आणि कॅमेऱ्याला नायलॉनची दोरी बांधून ती बॉनेटच्या फटीतून आत बिजागरीला गुंतवायची. दोरीवरही चिंधी गुंडाळायची, नाहीतर दोरी रंग कापते. वेशीपर्यंत जाऊन एकदा थांबायचं आणि हलवून बघायचं. काढताना ओढायचं तर नाहीच. नखानं कड उचलायची, आत हवा जाऊ द्यायची आणि वाटी आपण होऊन सुटेपर्यंत उभं राहायचं. हे उभं राहणं मला कधी जमलं नाही. अप्पा म्हणायचे, "चिकटवायला अक्कल लागत न्हाई, दत्ता. सोडवायला लागती."

एवढं वाचून कुणाला वाटेल माणूस कटकट्या होता. थोडा होताही. पण त्यांना कुणावर ओरडलेलं मी ऐकलं नाही. एका वरातीत कुठल्याशा पुढाऱ्याचा कार्यकर्ता नाचता नाचता अप्पांच्या बॉनेटवर चढून बसला. अप्पांनी गाडी बंद केली. बँड वाजतोय, वरात अडलीय, अप्पा खिडकीतून सांगतायत की बंद पडली, ढकलावी लागंल. तो कार्यकर्ता ढकलायला खाली उतरला तशी गाडी सुरू झाली. तो परत चढला, गाडी परत बंद. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो चालतच निघाला आणि पुढाऱ्याला जाऊन म्हणाला की अप्पांनी आता ही गाडी विकून टाकावी.

अप्पांचा एक दोस्त होता. पाटोद्याचे गफूरचाचा. लिंबाच्या झाडाखाली त्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं. अप्पांकडं पूर्वी मालाचा टेम्पो होता, तेव्हापासूनची ही ओळख, तीस वर्षं तरी झाली असतील. बाजाराच्या दिवशी अप्पा माल आणायला पाटोद्याला जायचे आणि तासभर गफूरचाचांकडं बसायचे. दोघंही फार बोलत नसत. पांढऱ्या रंगात निळ्याचा थेंब किती टाकावा यावरून कधी वाद व्हायचा, तेवढंच. पण एक खेळ मात्र दर बाजारी चालायचा. चहा आला की गफूरचाचा आपला ग्लास मुद्दाम अप्पांच्या बॉनेटकडं न्यायचे, आता ठेवतोच असा. अप्पा हात पुढं करून तो वरच्यावर धरायचे. गॅरेजमधल्या बाकी सगळ्या गाड्यांच्या बॉनेटवर चहाचे ग्लास असायचे, या एका गाडीवर कधी टेकला नाही. इतक्या वर्षांत एकदाही ठेवू दिला नाही, असं चाचा कौतुकानं सांगायचे.

मग एका बाजारात बैलानं बॉनेटवर शिंग घासलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा पडला. बैलवाला घाबरून हात जोडायला लागला. अप्पांनी त्याला पहिलं काय विचारलं, तर बैलाला काही लागलं का. मग गाडी गफूरचाचांकडं गेली. चाचांनी सगळा जुना रंग खरवडून नवीन दिला, दहा दिवस लावले. अप्पा मधे दोनदा एसटीनं जाऊन नुसतं बघून आले. गाडी आणायला मी सोबत होतो. चाचांनी माझ्यादेखत सांगितलं, "महिनाभर याच्यावर काय चिकटवू नका. वरून वाळलाय, आतून कच्चा हाय." मग माझ्या बॅगेकडं बोट दाखवून म्हणाले, "तुजं ते रबर बी न्हाई."

मी हो म्हणून मान हलवली.

अठराव्या दिवशी आष्टीकडच्या एका गावात लग्न होतं. मी काचेवर कॅमेरा लावून एक फेरी घेतली, पण त्या कोनातून काचेत मांडवाच्या झालरी चमकत होत्या, नवरदेवाचं तोंडच दिसेना. नवरदेवाचा भाऊ मागं लागला. दुसऱ्या कुणाच्या लग्नातली बॉनेटवरून घेतलेली चित्रफीत मोबाईलवर दाखवून म्हणाला, आम्हाला असंच पाहिजे, नाहीतर दुसरा शूटिंगवाला बोलावतो. अप्पांना पाहुण्यांनी ओढून जेवायला नेलं होतं. जाताना ते चावी माझ्याकडं देऊन गेले होते. फुलं लावायला येतील, टेप लावू देऊ नको, एवढंच सांगून.

मी बॉनेटवर वाट्या दाबल्या. पत्रा तापलेला होता, ते मला हाताला कळलं होतं. गाडी मीच चालवली, गावाच्या कमानीपर्यंत आणि परत. दृश्य झकास आलं. परतलो तर पंगत उठायला लागली होती. दोन वाट्या सुटल्या. तिसरी सुटेना. नखानं कड उचलून उभं राहायचं होतं, मिनिटभर फार तर. मी ओढली.

पुरीएवढा पांढरा गोल रबराला चिकटून वर आला. खाली करडं अस्तर दिसायला लागलं. रंगाचा तो गोल मी सोलून खिशात घातला. का घातला ते आजही सांगता येणार नाही. शेजारी खुर्चीवर ओवाळणीचं ताट होतं. मी हळद कालवली, त्या जागेवर गोल भरला आणि वर कुंकवानं स्वस्तिक काढलं. बरं निघालं. हात माझा चांगला आहे.

अप्पा हात धुऊन आले. स्वस्तिकापाशी थांबले आणि कुणी काढलं म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नवरदेवाच्या आत्यानं. अप्पांनी पायातली चप्पल काढली आणि बॉनेटला नमस्कार केला. सवाष्णीच्या हातचं आहे, राहू दे, म्हणाले.

त्यानंतर बारा दिवस मी त्यांना गाडी धुताना पाहिलं. ते त्या गोलाच्या कडेकडेनं फडकं फिरवायचे. सवाष्णीनं काढलेलं आपल्या हातानं पुसायचं नाही, ते आपोआप जाऊ द्यायचं. मला रोज वाटायचं, आज सांगू. रोज तांब्या भरून समोर यायचा आणि मी हात धुऊन कामाला लागायचो.

हळदकुंकू झडलं तोवर कडेनं पाणी आत शिरलं होतं. रंग फुगून आजूबाजूचाही सुटायला लागला. अप्पा बराच वेळ त्याच्यापुढं उभे होते. दुसऱ्या दिवशी पाटोद्याला निघाले, आणि मला म्हणाले, तू बी चल.

गफूरचाचांनी बोटानं ती जागा चाचपली. गोलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. गॅरेजमध्ये तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती.

"अप्पा, हितं कायतरी चिकटवलं व्हतं," चाचा म्हणाले.

अप्पा माझ्याकडं वळले. "दत्ता, लावलतं का काय?"

"न्हाई, अप्पा."

अप्पा चाचांना म्हणाले, "गफूर, हे पोरगं माझ्याजवळ खोटं बोलत न्हाई."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. ते एक शब्द बोलले असते तर मी तिथंच कबूल केलं असतं, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण त्यांनी हात पुसले आणि ते दुसऱ्या गाडीकडं वळले. त्या दिवशी चहा आला नाही.  येताना शिरूरच्या अलीकडं अप्पा एवढंच म्हणाले की माणसाचं वय झालं की हात जातो, त्यात गफूरचा काय दोष.

अप्पांनी चाचांची निंदा कुठं केली नाही. पण पुढचा रंग बीडहून करून घेतला, आणि ते सगळ्यांना दिसलं. आमच्या भागात गाडीच्या बाबतीत अप्पांनी एखाद्याला सोडलं म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं धरून चालायचे लोक. वर्षभरात लिंबाखालचं गॅरेज बंद झालं. चाचा पाटोद्याच्या चौकात मुलाच्या मोबाईलच्या दुकानात स्टुलावर बसायला लागले. बाजाराच्या दिवशी अप्पा माल भरून दुसऱ्या रस्त्यानं परत यायचे.

आणि मी? मी अप्पांच्या गाडीवर आणखी दोन वर्षं कॅमेरे बसवले. ते मला शिकवत राहिले. काकू ताटात जास्तीची पोळी वाढत राहिल्या. तालुक्यात माझं नाव झालं. तो रंगाचा गोल कॅमेऱ्याच्या बॅगेत, लेन्सच्या डबीत पडून होता. टाकून द्यायला कितीदा काढला आणि परत ठेवला.

तिसऱ्या उन्हाळ्यात अप्पांचा डावा गुडघा दुखायला लागला. क्लच दाबला की डोळ्यात पाणी यायचं. एके दुपारी त्यांनी मला दुकानात बसवलं, गल्ल्यातून गाडीची चावी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. मुलाला गाडीचं प्रेम नाही, तो शेडमध्ये तिचं भंगार करील, तेव्हा ती आता तू वागव, असं म्हणाले. "तुला कावून देतो म्हाईत हाय का? तू मला सांगून करतोस."

मला चावी उचलता आली नाही. मी बॅगेतून डबी काढली आणि तो गोल त्यांच्यापुढं ठेवला. मग सांगितलं. मांडव, झालरी, नवरदेवाचा भाऊ, ओवाळणीचं ताट. सगळं सांगितलं. अप्पांनी तो गोल उचलून उजेडाकडं धरला. त्याची जाडी बोटानं पाहिली.

"रंग चांगला व्हता," म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "तवाच कावून न्हाई सांगितलंस?"

मी म्हणालो, तुमी मला गाडीजवळ येऊ दिलं नसतं.

"न्हाई येऊ दिलं असतं," अप्पा म्हणाले. "महिनाभर. मग आलाच असतास की."

मी तिथं रडलो. अप्पांनी मला उगी केलं नाही, आणि मी तशी अपेक्षाही धरली नव्हती. त्यांनी चावी परत गल्ल्यात टाकली. उद्या बाजार आहे, तू तुझ्या मोटारसायकलनं ये आणि आधी जाऊन गफूरला सांग, मी मागून येतो, एवढं बोलले आणि गिऱ्हाइकाकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलच्या दुकानात गेलो. गफूरचाचा स्टुलावर बसून कुणाच्या तरी मोबाईलची काच पुसत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. नवं काही ऐकतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"चाचा, तुमाला तर कळलं व्हतं. मग बोलला न्हाईत कावून?"

"तू कोन रे माजा," चाचा शांतपणे म्हणाले. "तू खोटं बोलला त्याचं मला काय. अप्पानं मला इचारलं न्हाई. तुला इचारलं."

 दोन वर्षं मला वाटत होतं की मी एका माणसाचं काम घालवलं. मी त्यांचा दोस्तच नेला होता, ते मला त्या स्टुलापुढं उभं राहिल्यावर समजलं. माफी मागायचे शब्द मी घरून जुळवून नेले होते, ते तसेच राहिले. मी दुकानाबाहेर आलो आणि रस्ता ओलांडून रसवंतीच्या सावलीत थांबलो.

थोड्या वेळानं अप्पांची गाडी आली. सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये, प्रत्येक गतिरोधकाला थांबत. गाडी धुतलेली नव्हती. अप्पांची गाडी न धुता बाहेर आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी ती मोबाईलच्या दुकानासमोर भर उन्हात उभी केली आणि आतच बसून राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गफूरचाचा बाहेर आले नाहीत. बाजारातली पोरं बॉनेटवरच्या धुळीत बोटानं नावं काढायला लागली. अप्पा समोर बघत होते, पोरांना काही बोलले नाहीत. असा अर्धा तास तरी गेला असेल.

मग चाचा दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन पायऱ्या उतरले. गाडीपाशी आले आणि थांबले. अप्पा दार उघडून उतरले, गुडघ्यावर हात टेकवत. चाचांनी एक ग्लास पुढं नेला, बॉनेटकडं, पूर्वीसारखा. आणि अप्पांचा हात त्याच्याखाली येईल म्हणून क्षणभर धरून ठेवला.

अप्पांनी हात पुढं केला नाही. दोन्ही हात त्यांनी मागं बांधले. चाचांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो कढत चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवला, रंग निघाला होता अगदी त्या जागेवर.

दोघं उभ्यानं चहा प्यायले. काही बोलले का ते मला इतक्या लांबून ऐकू आलं नाही. त्यांच्यापैकी कुणीही माझ्याकडं वळून पाहिलं नाही. चहा संपल्यावर अप्पांनी ग्लास उचलला, आणि धुळीत ग्लासाच्या बुडाचा ओला गोल उमटलेला मला रस्त्यापलीकडूनही दिसला. माझा हात खिशात गेला. काकूंच्या साडीचा तुकडा असतो माझ्या खिशात, अप्पांनीच दिलेला. तो मुठीत धरून मी तिथंच उभा राहिलो. तो गोल कुणीच पुसला नाही.